चटणी वाढली

"संपलं म्हनू न्हाई, सटवे! वाढलं म्हन, वाढलं!"

आईचा हा आवाज साळूबाईच्या कानात अजून तसाच होता. परकर नेसायच्या वयात ती चुलीपासून ओरडली होती, "आये, मीठ संपलं!" आणि आईनं पिठाच्या हातानंच तोंडावर चापट दिली होती. मग जवळ ओढून, गालावरचं पीठ पदरानं पुसत सुरात म्हणाली होती,

"रित्या गं मडक्याला, वाढलं म्हनावं,
लक्षुमी दारी उभी, तिनं उनं न ऐकावं."

तेव्हापासून तिच्या घरातलं मीठ वाढलं, तेल वाढलं, हातातली बांगडी वाढली. मालक गेले तेव्हाही "कुंकू वाढलं" एवढंच ती म्हणाली. पण संपलं हा शब्द कधी तिच्या ओठाबाहेर आला नाही.

कुंडलच्या वरच्या अंगाला, उसाच्या फडाला खेटून तिचं घर. पोरगा जयराज फौजेत, घरात सून शिवांजली आणि ती. शिवांजली कॉलेज शिकलेली, हाताला काम नसलं की पिंजऱ्यातल्या पाखरागत घरभर फिरायची. फेसबुकवर 'माहेरचं ताट' नावाचा बायकांचा एक मोठा ग्रुप होता. पुण्या-मुंबईच्या, अगदी परदेशातल्यासुद्धा बायका तिथं जमायच्या. त्या ग्रुपमध्येच दुकान मांडायची सोय झाली, तशी शिवांजलीनं सासूला नवं लुगडं नेसवून फोटो काढला आणि नाव टाकलं, 'साळूआत्याची कांदा-लसूण चटणी'.

"दुकान चाललं तर मी हितंच ऱ्हाते," ती जयराजला फोनवर म्हणाली होती. "न्हाई चाललं तर पुण्याला ताईकडं जाऊन नोकरी बघती."

साळूबाई तेव्हा दाराआड तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला होता.

फाल्गुनात कांडलेली चटणी हातोहात गेली. साळूबाईच्या हाताची चव अशी, की खाणाऱ्याच्या कपाळावर घाम आणि ताटात दुसरी भाकरी. वैशाख लागता लागता डबा खरवडला. त्या दिवशी मळ्यातली लाईट भल्या सकाळी आली. उसाला पाणी द्यायला मोटार चालू करायची होती, आणि फोनची बॅटरी उतरलेली. शिवांजलीनं तो चार्जिंगला लावला आणि मळ्यात निघताना सासूला जवळ बोलावलं.

"आत्या, ह्या माईकवर बोट ठिवून बोललं की फोन आपसूक लिवतो. कुणी चटणी इचारली तर सांगायचं, चटणी संपली. मी आल्यावर दुकानावर पाटी लावती."

साळूबाईनं मान हलवली.

घटकाभरानं कुणीतरी विचारलं, "आजी, आहे का चटणी?" साळूबाईनं माईकवर बोट ठेवलं. ओठावर शब्द आला आणि पिठाचा हात आठवला. तिनं घसा खाकरला आणि म्हणाली, "चटणी वाढली."

शिवांजली चिखलाचे पाय घेऊन दारात आली, तर फोन तव्यावरच्या मोहरीसारखा तडतडत होता. 'वा आजी, वाढली! मला दोन किलो.' 'आमच्या सोसायटीला पाठवा.' एकीनं तर विचारलं होतं, 'चटणी वाढली की भाव?' खाली हसण्याची चित्रं आणि ऑर्डरींवर ऑर्डरी.

"आवं आत्या, ह्ये काय लिवलं तुमी?"

"तू सांगितलंस त्येच."

"मी संपली म्हन म्हनलं हुतं!"

"तसं म्हनू न्हाई. घरातली जिन्नस हाय ती."

"आवं पर शेरातल्या बायांना काय कळतंय तुमचं वाढलं? त्येंना वाटलं, नवी चटणी आली!"

तेवढ्यात ग्रुप चालवणाऱ्या सृष्टीताईंचा फोन आला. बाई गोडच, पण आवाजाला धार. "शिवांजली, एवढ्या ऑर्डरी घेतल्यास, आता पुरव. मागच्या महिन्यात एकीनं असंच फसवलं, म्हणून नियम कडक केलेत. तुमच्या पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत पार्सलं निघाली नाहीत, तर तुझं दुकान कायमचं बंद करावं लागेल."

फोन ठेवून शिवांजली म्हणाली, "आत्या, उद्याच मिरची आनू. परवा कांडू."

साळूबाई उठून बाहेर गेली. "आबाळ बघितलंस का? वळवाचं हाय. मिरची सादळंल."

"मग पत्र्याखाली वाळवू."

"कांदा वला हाय औंदाचा."

"आवं, कोरडा बघून आनू की."

"माजं हात दुखत्यात."

"हात माजं वापरा! तुमी निस्तं बसून सांगा."

साळूबाई उंबऱ्यावर बसून आभाळाकडे बघत राहिली. शिवांजलीच्या मनात काट्यासारखं काही रुतलं आणि तोंडातून गेलंच, "तुमाला माजं दुकान बघवत न्हाई. मुद्दाम लिवलंत तुमी वाढली म्हनून."

सासूनं चमकून तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी तरारलं, पण बोलली एवढंच, "आन जा मिरची."

पुढचे दोन दिवस ढग डोंगरावर टेकून राहिले. वारं सुटलं की दोघी मिरचीवर ताडपत्री ओढायच्या, वारं पडलं की काढायच्या. भाजणी शिवांजलीनं केली. खोबरं कुठवर भाजायचं, हे साळूबाई रंगावरनं सांगायची. कढईजवळ वाकून पूर्वीसारखा वास काही घेत नव्हती, पण रागाच्या भरात हे सुनेच्या ध्यानात आलं नाही. पाडव्यापासून सासूनं आमटीला नावं ठेवली नव्हती, हेही नाही. रोज ताटावर "झ्याक झालीया" ऐकून ती आपली सुखावली होती.

बाजाराच्या आदल्या दिवशी दोघी मिरची कांडायला नूरजहांच्या डंकावर गेल्या. नूरजहां शेजारच्याच आळीतली. तिच्या पत्र्याच्या खोलीत लोखंडी दांडे धाडधाड आदळत, आणि गल्लीतनं जाणारी म्हैससुद्धा शिंकत जाई. तिथली रीत जुनी. सगळं कांडून एकजीव झालं की मीठ शेवटी. मिठाआधी एक चिमूट आणि मिठानंतर एक चिमूट घरच्या जाणत्या बाईच्या तळहातावर ठेवायची. तिनं हो म्हटल्याशिवाय डबा भरायचा नाही.

बाहेर वीज चमकली. पत्र्यावर पहिले टपोरे थेंब वाजले, तशी साळूबाई दारात जाऊन आभाळ बघून आली.

"साळूआक्का, बघा बरं," नूरजहांनं तळहातावर चिमूट ठेवली. "लवकर सांगा, लाईट जाईल बघा आता."

साळूबाईनं जिभेला लावली. डोळे मिटले. "झ्याक. मीठ आगदी नेमकं पडलंय. भर डबं."

नूरजहांनं डंक बंद केला. एकदम शांत झालं. तिनं कोपऱ्यातल्या मिठाच्या पिशवीकडे बघितलं. पिशवी अजून सुतळीनं बांधलेली होती.

"आक्का... ही मिठाआधीची चिमूट. मीठ अजून घातलंच नाही की ओ."

शिवांजलीनं चिमूट तोंडात टाकली. अळणी. तिनं सासूकडे पाहिलं, तर म्हातारी जमिनीकडे बघत होती.

"आत्या, कवापासनं?"

"पाडव्याच्या तापापासनं." आवाज पावसाखाली दबला होता. "गुढीपुढचा कडुलिंब चावला. पानाचा चोथा झाला, पर कडू काय लागंना. वाटलं, पानच गोड आलंय औंदा."

"आन बोलला का न्हाई?"

"काय बोलू? तुजं दुकान माज्या जिभंवर. जीभ गेली तर दुकान गेलं, आन दुकान गेलं तर तू पुण्याला गेलीस."

शिवांजलीनं डोळ्यांना ओढणीचं टोक लावलं आणि पिशवीची सुतळी सोडली. "भाभी, चालू करा. मीठ मी बघती. आत्या, रंग तुमी बघा. आन माजं चुकलं की, आमटीला नावं ठिवत हुता, तशी मला शिवी द्या."

मीठ पडलं. दांडे पुन्हा आदळू लागले. शिवांजलीनं चिमूट घेतली, थांबली, अजून मूठभर घालायला लावलं, पुन्हा घेतली. मग सासूकडे बघून मान हलवली. साळूबाईनं चटणीचा रंग उजेडात धरला आणि तिनंही हलवली.

डबे भरून झाले, तेव्हा साळूबाई म्हणाली, "त्यो फोन दे हिकडं. माईक लाव."

"कशाला?"

"माजं नाव हाय त्येच्यावर. खायाचं खोटं बोलू न्हाई."

तिनं बोट ठेवलं. पावसाच्या आवाजानं फोननं चुकीचं लिहू नये म्हणून तो पदराखाली धरला.

"बायांनो, मी साळूबाई. त्या दिशी वाढली म्हनलं, त्ये आमच्याकडचं बोलनं. चटणी न्हवती उरली. आता नवी केलीया, ती उद्या निघंल. मीठ माज्या सुनंनं बघितलंय, हितनं फुडं तीच बघंल. कारन माज्या जिभंची चव..."

हात आपोआप तोंडाकडे गेला, जणू अजून कुणी पिठाचा हात उगारला होता. तिनं तो खाली घेतला.

"...संपली."