ओल्या हाताचा वाढदिवस

वुब्बोने आईच्या दारातच पाण्याची बाटली तळहातांवर ओतली. घाम होताच, त्यात ही भर. हात मात्र पुसले नाहीत. होऊनच जाऊ दे एकदा!

आत आईचा ऐंशीवा वाढदिवस. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनकडच्या रीतीप्रमाणे सगळे गोल करून बसलेले. येणाऱ्याने एकेकाशी हात मिळवायचा. "आईबद्दल अभिनंदन", "सासूबाईंबद्दल अभिनंदन" म्हणत पुढे सरकायचं. हाताला घाम सुटणाऱ्याला याहून मोठी शिक्षा नाही. कालव्यावरचे पंप दुरुस्त करणारा हा धट्टाकट्टा गडी कितीतरी वर्षं नेमका या दिवशी आजारी पडत आला होता.

मग सीबीटी नावाच्या, भीतीवरच्या मानसोपचाराला जाऊ लागला. तिथल्या लीस्बेथबाईंनी विचारलं, "ओला हात लागला तर काय होईल?"

"लोक हात पुसतील. हसतील."

"आणि मग?"

वुब्बो तळहात रुमालाला पुसू लागला.

"मनातली भीती खरी की खोटी, हे घरी बसून नाही हो कळत," बाई म्हणाल्या. "जाऊन बघा. हवं तर मुद्दाम ओला करून जा."

पहिल्या खुर्चीत बहीण, खेस्के. तिने गप्पांच्या नादात हात दिला-घेतला. पुढे तिचा नवरा हार्म. तो दचकला आणि सगळ्यांदेखत हात पँटला खसाखसा पुसला.

"काय मेव्हणेबुवा, मासळी धरून आलात की काय?"

सगळे हसले. झालं! इतकी वर्षं ज्याला भ्याला, तेच घडलं. कान तापले, दार खुणावू लागलं. पण छत काही कोसळलं नाही. मामी आपली केक कापतच होती.

"घाम आहे, घाम!" वुब्बो मोठ्याने म्हणाला. "आणा तो दुसरा हात, त्यालाही लावतो."

"नको बाबा!" हार्मने दोन्ही हात पाठीमागे लपवले. आता त्याच्यावर हशा पिकला.

वुब्बोने एकही खुर्ची गाळली नाही. शेवटी खिडकीपाशी आई. तिने त्याचा हात उलटासुलटा करून पाहिला.

"एवढ्यासाठी येत नव्हतास होय रे?"

"एवढ्यासाठीच."

"मला वाटायचं, आमच्यावर रागावलायस. तुझे बाबाही तेच मनात घेऊन वारले."

वुब्बो तिच्यापाशी जमिनीवरच बसला.

"खेस्के, खुर्ची आण गं. इथे, माझ्याजवळ," आई म्हणाली, आणि तो ओला हात तिने आपल्या नव्या रेशमी झग्यावर ठेवून घेतला.