माफीचं गोदाम

मला गरीब म्हणा, चालतंय. अडाणी म्हणाल तर तोंड वाजवीन. कल्याणप्पा शेठनं मला अडाणी समजलं, तिथंच त्याचं चुकलं.

महाराष्ट्र होऊन दोन वर्सं झाली व्हती. मुरुमजवळच्या आमच्या गावात कमिटीनं ठराव केला: ओढ्यापलीकडं मोमीनपुऱ्यात जो धंदा काढील अन् वस्तीतल्या धा जणांना कामाला ठेवील, त्याला पाच वर्सं घरपट्टी माफ, मालावरची जकात माफ. आमचे माग बंद पडून जमाना झाला व्हता. पोरी बिड्या वळायला सोलापूरला चालल्या व्हत्या. माझा भाऊ जलील तिथंच ऱ्हायचा. म्हणला, "आपा, ईद झाली की नूरुन्निसाला घेऊन जातो." एकुलती लेक माझी, सोळा वर्साची. म्या व्हय म्हणलं खरं, पण काळीज तुटलं.

अशात कल्याणप्पानं वस्तीत पत्र्याची शेड ठोकली. कागदावर लिवलं, भुईमुगाच्या शेंगा फोडायचा कारखाना. मला म्हणला, "सरदारबी, धा बाया जमव. बेस्तरवारी कमिटीचा सायेब तपासायला येतोय."

आमी आपापली सुपं घेऊन गेलो. नूरुन्निसा बी आली. दिवसभर शेंगा फोडल्या. सायबानं डोकी मोजली, नावं लिवली, आमचे अंगठे घेतले, च्या पिऊन माफीच्या कागदावर सही केली अन् गेला. लगेच शेठनं एकेकीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

"झालं काम. आता येऊ नका. हितं माझी पेंडीची पोती येणार."

"अन् उद्या?"

"उद्या कशाला? तपासणी वर्साला एकदा असती."

डोकं असं भणाणलं माझं! पण वरडून काय व्हणार? शेड त्याची, कुलूप त्याचं. तेवढ्यात बघते तर काय, शेठ धोतर सावरत, सुपांना पाय लागू न देता भिंतीकडनं चाललाय. म्या म्हणलं, "बायांनो, सुपं हितंच ऱ्हाऊ द्या. दाण्यासकट."

दुसऱ्या दिशी शुक्रवार. पोत्यांची गाडी आली अन् हमाल दारातच थांबले. आत भुईभर धा भरली सुपं.

"शेठ, लक्ष्मीच्या वारी भरल्या सुपाला पाय लावायचा? आमाला लेकरंबाळं हायती."

शुक्रवारी भरलं सूप उचलून भाईर काढायचं म्हंजे घरची लक्ष्मीच घालवायची, म्हणून स्वतः शेठचा बी हात हुईना. मला बोलावणं धाडलं. "उचल गं माझी माय!"

"उचलते की. कामावर घेतलं की लगेच उचलते. सायबाच्या कागदावर आमची नावं हायती. माफी आमच्या नावावर घेतली तुमी, मग काम बी आमालाच द्या. न्हायतर चालले म्या कमिटीत."

"अय्योय्यो, लई जहांबाज बाई हाईस तू!"

"व्हय, हाय. शेंगा कवा पाठवताय?"

दुपारपत्तुर पेंडीची गाडी माघारी गेली अन् शेंगांची आली. हातानं फोडलेला दाणा अख्खा निघतो, बियाण्याला चालतो. पुढच्या बाजारी त्याला भाव चांगला मिळाला, तवा कुठं शेठचं तोंड गोड झालं. मग गावभर सांगत सुटला, गरिबांसाठी म्या कारखाना काढला! सांगू दे बापड्याला.

ईद झाली अन् जलील आला. एसटीतनं उतरून थेट घरी. नूरुन्निसा भाकरीपुरती घरी आली व्हती, केसात शेंगांची टरफलं तशीच. तिनं मामाला पाणी दिलं, ताट वाढलं.

"आवर बेटी," जलील म्हणला, "चारची गाडी हाय. तिकडं काम तयार हाय."

"हितं बी हाय, मामू. तुमी निवांत जेवा." ती दाराकडं पळाली. "उशीर झाला तर शेठ लई वरडतो!"

कुणीतरी माझ्या लेकीवर वरडतंय, हे ऐकून मला आयुष्यात पहिल्यांदा ग्वाड वाटलं.