नवऱ्याच्या हातातल्या बांगड्या

पूस नदीचं पाणी घरात शिरलं, कपाशी सारी वाहून गेली, अन् आम्ही महागावच्या शाळेत येऊन पडलो. ओल्या कपड्यांतच दिवस काढले. पाणी ओसरलं, पन अंगाले खरूज लागली. सारी शाळा खाजवत बसे.

नर्सबाईनं औषधाच्या बाटल्या देल्या. म्हने, "मानेपासून पायापर्यंत लावा, रातभर राहू द्या. अन् मथुराबाई, त्या बांगड्या काढा. खरूज त्यांच्याखालीच जास्त आहे."

मी हात मागं घेतला. नवरा समोर जिता बसला अन् मी हात रिकामे करू? खाजून मरीन, पन बांगड्या काढनार नाही! चांगली भांडली मी तिच्यासंग.

आमचा बुढा, नागोराव, ऐकून राह्यला होता. तो उठला, साबन आनलं अन् माह्या हाताले न दुखवता एकेक बांगडी उतरवली. मंग खांद्यावरच्या दुपट्ट्यानं साऱ्या आपल्याच मनगटाले बांधल्या.

"नवऱ्याच्या हातात हायेत आता. झालं समाधान?"

कोनीतरी हासलं, "काय नागोराव, बांगड्या भरल्या का?"

"भरल्या! तुह्या काहून पोटात दुखते?"

त्यानंच माह्या मनगटाले औषध लावलं. लय दिवसांनी मले झोप लागली.

सकाळी उठून पाह्यलं त बुढा भिंतीले टेकून बसेल होता, बांगड्यांचा हात छातीशी धरून.

"तुमी झोपले नाही काहून?"

"कूस बदलली असती त काच फुटली असती."

त्याची बाटली तशीच भरेल होती. मी बूच उघडलं.

"पाठ करा इकडे," म्हनलं.