आबांच्या खाटेपर्यंत आलेलं पाणी

मेहरूणला आमचं छोटंसं रेडिओ केंद्र आहे. रविवारी सकाळचा अर्धा तास मुलांचा. विषय तेच ठरवतात, बोलतातही तेच. मी बटणं सांभाळते आणि ओरडते. ओरडायचं कारण एकच, रेडिओवर शांतता नको. तुम्ही गप्प झालात की ऐकणाऱ्याला वाटतं, लाइट गेली. कार्टी माझ्या पाठीमागे मला 'बोला-बोला ताई' म्हणतात, ठाऊक आहे मला.

त्या रविवारी धरणातून गिरणेला पाणी सोडलं होतं. उन्हाळ्यात नदी कोरडीठाक. पाणी येणार म्हटलं की आमच्या मुलांतल्या रूपाचं नदीकाठचं गाव पात्रात उतरतं, चपला काढून उभं राहतं आणि पहिलं पाणी पायांवर घेतं. रूपाचे आजोबा मोतीलालआबा त्यात दरवर्षी सगळ्यांच्या पुढे. यंदा मात्र लकव्याने ते खाटेला खिळले होते. पाय आहेत की नाहीत, हेसुद्धा त्यांना कळत नव्हतं. सहावीतल्या रूपाने त्यांना शब्द दिला होता, "आबा, तुमले मी रेडिओवर पानी आनी देसू." म्हणून ती नदीतून फोनवर थेट बोलणार होती. आमच्या अर्ध्या तासात पाणी आलं नाही, तर तिचा शब्द खोटा पडणार होता.

पाण्याने भडगाव ओलांडल्याचा निरोप आधीच आला होता. पण नदीला घड्याळ कोण दाखवणार? रूपा बिचारी बोलत राहिली. वाळू कशी तापलीय, कोण कोण आलंय, नारळ कुणाच्या हातात आहे, सगळं सांगून झालं. वेळ संपत आली. शेवटचं गाणं लावायला मी हात पुढे केला, तेवढ्यात ती म्हणाली की वरच्या अंगाला लोक हात हलवतायत. आणि लगेच म्हणाली,

"आते मी गप बठस. मना आबासले पानी आयकनं शे."

आणि खरंच गप्प झाली. माझं डोकं फिरलं. काचेपलीकडची मुलंही माझ्याकडेच बघत होती. बटणावरचं बोट का दाबलं गेलं नाही, मला अजून सांगता येत नाही.

आधी काहीच ऐकू येईना. मग वाळला पाला सरकावा तशी बारीक खसखस. मग गोट्यावर गोटा वाजू लागला, आणि फोनच्या त्या एवढ्याशा भोकातून अख्खी नदी आमच्या खोलीत शिरली. अंगावर सरसरून काटा आला. इतकी वर्षं रेडिओत काढली, पण नदी येताना मी कधी ऐकली नव्हती. सगळी पोरं आपोआप उठून उभी राहिली होती. मीही. मला रडू आलं आणि त्याची लाजही वाटली नाही. गाणं लावायचं राहूनच गेलं.

थोड्या वेळाने केंद्राचा फोन वाजला. रूपाची आई, भागाबाई बोलत होती. रूपाबद्दल चार शब्द बोलेल असं वाटलं, पण ती बोलली सासऱ्यांबद्दल. रेडिओ उशाशीच होता. पाण्याचा आवाज आला तसे आबा तिला म्हणाले, "मना पाय खाले सोड."

तिने त्यांना धरून बसवलं, पाय खाटेखाली सोडले. खाली कोरडी फरशी. आबा अजून तसेच बसलेत, पाय वर घेऊ देत नाहीत, असं ती सांगत होती.

"थंडगार शे, म्हनतस."