डावा कौल

धोंडू उतेकराने सारी नोकरी आंबेनळीच्या घाटात एसटी चालवून काढली. तो निवृत्त झाला, पण त्याचा उजवा पाय काही निवृत्त झाला नाही. रिक्षा असो, मिनिडोर असो नाहीतर जावयाची नवी कार असो, समोर वळण आलं की हा पाय खाली दाबायचाच. ब्रेक नसला म्हणून काय झालं! बायको, तुळसा, म्हणायची, "खाटेवर बसूनपन दाबताव. खाट कुठं चाललीय?"

आज त्याच्या गावाहून, कापड्याहून निघालेल्या मिनिडोरमध्ये तर त्या पायाने कहर केला. सरळ रस्त्यालाही तो दाबतच होता. शेजारच्या म्हातारीला वाटलं, आपली भाजीची पिशवी याला अडचण करतेय. तिने ती उचलून मांडीवर घेतली. धोंडूला तेही कळलं नाही. त्याच्या पोटात सकाळपासून एक शब्द अडकला होता, आणि तो बिरवाडीपलीकडे जाऊन पोरीसमोर ओकायचा होता.

पोरगी म्हणजे धाकटी तेजश्री. बिरवाडीत खोली घेऊन राहायची, एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी विमान चालवायला शिकायची. कापड्यात ही बातमी आली तेव्हा लोकांना वाटलं, हवाईसुंदरी होणार. नाही, स्वतः चालवणार म्हटल्यावर अर्ध्या वाडीने तोंडात बोटं घातली आणि उरलेल्या अर्ध्या वाडीने विचारलं, मग लग्नाचं काय? नदीकाठच्या सपाटीवर नागसेन सरांनी मुरुमाची धावपट्टी केली होती. सर महाडचेच, हवाई दलातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे दोन माणसांचं एक जुनं पिवळं विमान होतं, त्यात ते हौशी पोरापोरींना शिकवायचे.

बुधवारी तेजश्रीचा फोन आला होता. "आबा, रविवारी सर मला एकटीला सोडणार. तुम्ही भैरीला कौल लावणार हे मला ठाव हाय. लावा. पन फोनवर नाय सांगायचं. हितं या, माझ्यासमोर उभे ऱ्हावा न सांगा. तुम्ही डावा म्हणालात तर मी विमानात पाय ठेवणार नाय."

आता उतेकरांच्या घरात कौलावाचून पान हलत नाही. बोअर मारायची, कौल. थोरलीचं लग्न, कौल. धोंडू एसटीत लागला तेव्हाही कौल. तेव्हा आज तांबडं फुटताना तो आंघोळ करून देवळात गेला. मालोजी गुरवाने ग्रामदेव भैरीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. धोंडूने हात जोडले, पोरीचं नाव घेतलं, आणि डोळे उघडतो तर डावी पाकळी खाली.

"पुन्हा लाव," तो म्हणाला.

मालोजीने लावली. पुन्हा डावीच पडली, तीही लगेच, देवाने वाटच पाहिल्यासारखी.

"धोंडू, देव नाय म्हणतोय," मालोजी म्हणाला. "तिसऱ्यांदा इचारू नये."

तुळसाला त्याने काही सांगितलं नाही. तिने आपणहून पिशवीत नारळ घातला. "पोरगी खाली उतरली की तिला घेऊनच ये, भैरीला फोडू," असं म्हणाली आणि भाकऱ्या थापायला बसली. धोंडू नारळ घेऊन निघाला. मनातल्या मनात त्याला सुटल्यासारखंही वाटत होतं, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. त्याला पोरगी एकटी वर जायला नकोच होती. ते स्वतःच्या तोंडाने म्हणायची लाज वाटत होती, म्हणून देवाने म्हटलं तर बरंच झालं. एक शब्द सांगायचा आणि पोरीला घेऊन जेवायला घरी यायचं.

तो पोचला तेव्हा तेजश्री विमानाच्या चाकाशी उकिडवी बसली होती. त्याला पाहून तिने हातातला मोबाईल खिशात टाकला. "आलाव? बसा जरा. माझं बघून व्हायचंय."

विमान विचित्रच होतं. एरवी चित्रात दिसतं तसं त्याच्या नाकाखाली चाक नव्हतं, ते होतं शेपटाखाली. त्यामुळे ते मागे टेकून बसलेल्या कुत्र्यासारखं नाक वर करून उभं असे, आणि आत बसणाऱ्याला समोरचा रस्ता म्हणून दिसत नसे. त्याची खोड तेजश्रीने मागे एकदा समजावली होती: उतरल्यावर धावताना त्याचं शेपूट पुढे यायला बघतं. ट्रॅक्टर मागे घेताना ट्रॉली फिरते तसं. ते दोन पायांनी सारखं आवरावं लागतं, विमान पुरतं थांबेपर्यंत. धोंडूला ते चटकन समजलं होतं. "मग कचकन ब्रेक मारायचा," तो म्हणाला होता. ती हसली होती. "कचकन मारला तर नाकावर पालथं होतं, आबा. हे तुमच्या पायाचं काम नाय." गेल्या दोन खेपांना उतरताना तिच्याकडून ते डावीकडे फिरून गवतात शिरलं होतं. शेजारी सर होते म्हणून निभावलं. नेमकं डावीकडेच, हे आता धोंडूला आठवलं.

ती विमानाभोवती फिरत होती. पंखाची बिजागरी हलवून बघत होती, दोऱ्या ताणून बघत होती, चाकावर तळवा ठेवत होती. धोंडू बघत राहिला. ड्युटीवर निघायच्या आधी तो असाच गाडीभोवती फिरायचा, असाच टायरवर तळवा ठेवायचा. कंडक्टर चिडायचे, पण त्याने कधी ऐकलं नाही. हे तिला कुणी शिकवलं? त्याने तर नाही. बघून झालेल्या त्याच चाकाशी ती तिसऱ्यांदा येऊन बसली, विमानात चढायचं लांबवत असल्यासारखी. तेही त्याने पाहिलं.

आणि त्याला सदू आठवला. सदू त्याच्यासोबत एसटीत लागलेला, हाताने त्याच्याहून साफ. एका धुक्याच्या दिवशी घाटाच्या तोंडाशी सदूने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, आज नाही जमत. कुणी रागावलं नाही. उद्या जा म्हणाले. पण तो उद्या काही आला नाही. सदू जन्मभर चौकशीच्या खिडकीत बसला, आणि घाटाकडे जाणारी गाडी लागली की मान खाली घालायचा. घाटाच्या तोंडातून परत फिरलेला माणूस पुन्हा घाटात जात नाही, हे धोंडूने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"आबा." तेजश्री समोर येऊन उभी होती. नागसेन सर थोडे लांब सरले. "काय पडला कौल?"

धोंडूने तोंड उघडलं. शब्द जिभेवर तयारच होता.

"उजवा," तो म्हणाला. आणि बोलून गेल्यावर घाबरून त्याने वर पुस्ती जोडली, "पहिल्याच झटक्याला."

तिने क्षणभर त्याच्याकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि विमानात जाऊन बसली. सरांनी रिकाम्या जागेचा पट्टा आवळून बांधला, दार लावलं आणि धोंडूशेजारी येऊन उभे राहिले.

पुढची काही मिनिटं धोंडूच्या वैऱ्यावरही येऊ नयेत. विमान गुरगुरलं, पळालं, शेपूट उचललं आणि एका माणसाचं वजन कमी झाल्यामुळे टुणकन वर गेलं. नदीवरून वळलं, डोंगराच्या आड गेलं, आणि आवाजही बंद झाला. तेवढ्यात धोंडूने भैरीशी सगळा व्यवहार करून टाकला. बाबा, खोटं मी बोललो. तुझं नाव घेऊन बोललो. काय काढायचं ते माझ्या अंगावर काढ, माझे पाय घे, पोरीला हात लावू नको. एवढं म्हणून त्याला वाटलं, आपण बाप की कसाई? देवाने दोनदा बजावलं आणि मी पोरगी स्वतःच्या हाताने चढवली. तुळसाला काय तोंड दाखवू?

"ती बघा," सर म्हणाले.

विमान डोंगरामागून आलं, खाली आलं, चाकं टेकली आणि चेंडूसारखं उसळलं. इंजिन जोरात ओरडलं आणि ते पुन्हा वर निघून गेलं.

"काय झालं? काय झालं?"

"काही नाही. बसलं नाही, म्हणून परत फिरून येतेय. शहाणी आहे." सर बोलले खरे, पण त्यांनीही हाताच्या मुठी आवळल्या होत्या.

दुसऱ्या खेपेला चाकं मुरुमावर चिकटली. धूळ उडाली. शेपूट खाली बसलं, विमान धावू लागलं, आणि मग त्याचं नाक हळूच डावीकडे वळलं. डावीकडे! धोंडूचा उजवा पाय जिवाच्या आकांताने जमिनीवर आपटला. आपटला आणि त्याला आठवलं: कचकन दाबला तर पालथं होतं. त्याने चटका बसल्यासारखा पाय उचलला आणि उचललेलाच ठेवला. महाड डेपोत आणि पोलादपूरच्या स्टँडवर ज्याचा दरारा होता तो ड्रायव्हर, हातात नारळाची पिशवी धरून, धावपट्टीच्या कडेला एका पायावर उभा होता. तिकडे विमानाचं शेपूट एकदा उजवीकडे हललं, एकदा डावीकडे, पुन्हा उजवीकडे, प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडं कमी. गवताच्या अलीकडे ते थांबलं. पंखा थांबला.

"पाय खाली ठेवा आता," सर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

तेजश्री आली ती रडतही होती आणि हसतही होती. सरांच्या पाया पडली, आबांच्या पाया पडली. धोंडू तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला.

मग ती म्हणाली, "चला, आईने नारळ दिला असेल ना? भैरीला फोडून येऊ."

ती स्कूटी चालवू लागली, तो मागे बसला. बिरवाडी गेली, पोलादपूर मागे पडलं, तसं त्याला देऊळ दिसू लागलं. देवळात मालोजी असणार. तो विचारणार, डावा कौल पडूनपण पोरगी गेली? कापड्याचा फाटा दिसला तसा त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबव गो जरा."

तिने गाडी बाजूला घेतली. दोघंही उतरले नाहीत. तिच्या पाठीकडे बघतच तो म्हणाला, "तेजू, कौल डावा पडलेला. दोनदा. मी खोटं बोललो तुझ्याशी."

"ठाव हाय मला."

"कसं?"

"तुम्ही यायच्या आधीच मालोजीकाकांच्या विनीतने मेसेज केलेला. डावा पडला म्हणून."

धोंडूला राग आला, भीती वाटली, सगळं एकदम झालं. "ठाव होतं तरी गेलीस? न मग मला कशाला इचारलंस गो?"

तिने मागे वळून पाहिलं नाही. स्कूटीचा आरसा पुसल्यासारखं केलं, आणि मग म्हणाली,

"देवाचं मला ठाव होतं, आबा. तुमचं ठाव नव्हतं."