चिमाबाईंच्या नावाचं कारंजं

घोटावड्याहून हिंजवडीकडे निघालं की डाव्या हाताला विठ्ठलरावांचं 'सौभाग्यांगण' मंगल कार्यालय लागतं. २००६ सालच्या एप्रिलातला एक दिवस. लग्नसराईत तिथे रोजच लग्न असे, तसं त्या दिवशीही होतं. दारात कारंजं उडत होतं, हिरवळीवर फवाऱ्यांनी चिखल केला होता, आणि हिंजवडीच्या कंपन्यांतून आलेली पाहुणेमंडळी कारंज्यासमोर उभी राहून हौसेनं फोटो काढत होती.

मागच्या स्वयंपाकघरात चिमाबाई आणि गोजराबाई पहाटेपासून पुऱ्या लाटत होत्या. चिमाबाई विठ्ठलरावांच्या धाकट्या भावाची बायको. नवऱ्याला जाऊन पाच वर्षं झालेली, पदरात लग्नाची मुलगी. गोजराबाई विठ्ठलरावांची सख्खी आत्या, ऐन विशीत कपाळ पुसून माहेरी परतलेली. मुहूर्त जवळ आला तशी विठ्ठलरावांची बायको सुलक्षणा दारात आली.

"चिमे, आत्या, हात धुवा आन् खोलीत व्हा. वरमाई हितनंच जानार हाय. फुडं दिसू नगा."

दोघी मुकाट्यानं उठल्या, मागच्या खोल्यांकडे गेल्या, आणि सुलक्षणेनं बाहेरून कडी घातली. त्यांनी लाटलेल्या पुऱ्या पाचशे माणसांना चालत होत्या. त्यांचं तोंड मात्र नवरीच्या नजरेला पडलेलं चालत नव्हतं. असल्या शुभाशुभाची मला शिसारी येते आणि ती झाकून ठेवायची माझी मुळीच इच्छा नाही. पण खरी शिसारी यावी अशी गोष्ट तर पुढेच आहे.

त्या भागात धरणाचं पाणी नळानं आणणारी योजना आहे. गावाच्या वाट्याला रोज ठरावीक पाणी येतं. घरगुती नळाला पहिल्या टप्प्यापर्यंत अगदी स्वस्त दर असतो. त्याहून जास्त वापरलं तर पुढचा टप्पा महाग. हॉटेल, कारखाना, मंगल कार्यालय अशा धंद्याच्या जागेला पहिल्या थेंबापासूनच चढा दर, आणि वापर वाढेल तसा तो आणखी चढत जातो. शिवाय उन्हाळ्यात धरण उतरलं की आधी धंद्याच्या पाण्यात कपात होते, घरांच्या नाही. नियम शहाणा आहे. तहान आधी, धंदा मागून.

नेमकी उन्हाळ्यातच लग्नं. तेव्हा विठ्ठलरावांनी नियमावली वाचून काढली. त्यात त्यांना एक ओळ सापडली: स्वतंत्र चूल असेल तर स्वतंत्र कुटुंब, आणि स्वतंत्र कुटुंबाला स्वतंत्र घरगुती नळ. त्या दिवशी त्यांना आपल्या घरातल्या विधवांची एकाएकी माया आली. कार्यालयाच्या मागे दोन खोल्या बांधल्या, प्रत्येकीत एकेक शेगडी ठेवली, दोघींचे अंगठे घेतले. गोजराबाईंच्या नावाचा नळ स्वयंपाकघराच्या टाकीला गेला आणि चिमाबाईंच्या नावाचा हिरवळीला अन् कारंज्याला. खोल्यांमध्ये नळ कुणी बसवलाच नाही. दोघी भांडी विसळायच्या पिंपातून संध्याकाळी दोन हंडे भरून न्यायच्या, तेही सुलक्षणेला विचारून.

हे पाणी आकाशातून पडत नव्हतं. त्याच वाहिनीच्या शेवटाला गावाची वरची आळी होती. एप्रिल लागला की तिथले नळ नुसती हवा सोडायचे, आणि बायका हंडे घेऊन ओढ्यातल्या डबक्यावर जायच्या. या वर्षी त्यांनी पौडच्या पाणीपुरवठा कार्यालयात जाऊन आरडाओरडा केला. तिथली कनिष्ठ अभियंता जान्हवी, परभणीकडून नोकरीला आलेली तरुण मुलगी, गुरुवारी तपासणीला येणार असल्याची खबर विठ्ठलरावांना आदल्या दिवशीच लागली.

ते स्वतः चिमाबाईच्या खोलीच्या दारात आले. एरवी निरोप धाडायचे.

"चिमाबाय, उद्या बाई येतीया. इचारलं तर सांगायचं, माजी चूल येगळी, मी हितंच रांधती, नळ माजाच हाय."

चिमाबाई पदर सावरून उभी राहिली. विठ्ठलराव घुटमळले आणि मग म्हणाले, "तुज्या सोनियाचं लगीन आठ दिवसांवर आलंय. कन्यादान मी आन् ही करनारच. पर तू मांडवात हुबी ऱ्हा. आक्षता टाक. मी हाय, कोन काय बोलतंय बघू."

चिमाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गेली पाच वर्षं ती भिंतीपलीकडून परक्यांची मंगलाष्टकं ऐकत होती आणि एकच धास्ती बाळगून होती, की पोटच्या पोरीच्या डोक्यावरही आपल्याला अक्षता टाकता येणार नाही. तिनं लगेच मान हलवली. त्या रात्रभर ती तीन वाक्यं घोकत होती.

जान्हवी आली तेव्हा बारा वाजून गेले होते. तिनं खोलीत नजर फिरवली. शेगडी कोरी करकरीत, कोपऱ्यात डब्यांचा पत्ता नाही, भिंतीवर धुराचा डागही नाही. दारात विठ्ठलराव उभे.

"मावशी, स्वयंपाक इथंच करता?"

"व्हय. माजी चूल येगळी हाय. नळ माजाच हाय."

"मग नळ कुठं आहे?"

चिमाबाई गांगरली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. विठ्ठलराव हसत पुढे झाले. "म्हातारी मानसं, मॅडम. बाहेरच्या बाजूला हाय नळ, हिरवळीकडं."

जान्हवीनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "मावशी, नळ तुमच्या नावावर आहे, म्हणजे जबाब तुमचाच चालतो. तुम्ही म्हणाल तेच मी लिहीन. नीट विचार करून सांगा."

"व्हय, माजाच हाय," चिमाबाई खाली बघत म्हणाली. जान्हवीनं लिहून घेतलं. जाताना ती एवढंच म्हणाली, "मी पौडला असते. कधी वाटलं तर या."

लग्नाचा दिवस उजाडला. चिमाबाईनं ट्रंकेतलं आबोली लुगडं काढलं, नवऱ्यानं जेजुरीहून आणलेलं. केस विंचरले. गोजराबाईंनी तिच्या खांद्यावरची चुणी हातानं सारखी केली. एवढ्यात सुलक्षणा आली, तिनं लुगड्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा कसनुसा झाला.

"चिमे, नवरदेवाकडची मानसं लई जुन्या वळनाची हायेत. त्यांची आजी आत्ताच इचारत हुती, नवरीची आई कुटं बसनार म्हनून. पोरीच्या संसाराला काय लागलं तर? तूच सांग."

"पर भावजी बोललं हुतं—"

"त्येच बोललं, आतच बसू दे म्हनून."

आणि कडी बसली.

चिमाबाईला ओरडता आलं असतं. दार वाजवता आलं असतं; मंगलाष्टकं थांबली असती. पण ती गप्प बसली, कारण सुलक्षणेचा तो शेवटचा प्रश्न तिच्या काळजात घुसला होता. आपल्या तोंडानं खरंच पोरीच्या संसाराला काही लागलं तर? या रूढीची सगळ्यात घाणेरडी करणी हीच आहे. कडी बाहेरून लावावी लागते ती एकदाच. पुढे बाई ती स्वतःच आतून लावून घेते.

पाठवणीच्या वेळी चुलत्याला विचारणारा सोनियाचा आवाज भिंतीपाशी आला. "आबा, आय कुटंय? येकदा भेटते तिला."

"डोकं दुकतंय तिचं. निजलीया. उगं उठवू नको," विठ्ठलराव म्हणाले.

चिमाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. गाडीचं दार लागलं, फटाके वाजले, आणि मागोमाग हिरवळीवरचे फवारे सुरू झाले, कारण संध्याकाळी दुसरं लग्न होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विठ्ठलराव पुन्हा दारात आले. लाजेचा मागमूस नाही. "पौडची बाई परत येनार म्हनं. वरच्या आळीनं लईच तगादा लावलाय. तू त्येच सांग. पोरगी मांडवपरतनीला येईल, तवा दिवसभर तुज्यापाशी बसवतो. शबूद."

चिमाबाईनं मान वर करून पहिल्यांदाच दिराच्या डोळ्यांत पाहिलं. मांडवात उभं राहायचा तिचा हक्क या माणसानं एकदा तिलाच विकला होता, माल मात्र दिला नव्हता, आणि आता लेकीच्या भेटीचा सौदा करायला तो निर्लज्जपणे पुन्हा आला होता. विठ्ठलराव गेल्यावर ती शेजारच्या खोलीत जाऊन म्हणाली, "आत्या, चपला घाला. पौडाला जाऊ."

जान्हवी कागदात डोकं घालून बसली होती. दोघींना बघून उठून उभी राहिली.

"बाय, माजी चूल येगळी न्हाई," चिमाबाई खुर्चीवर न बसताच म्हणाली. "शेगडी कदी पेटलीच न्हाई. नळाचं पानी मी कदी पेले न्हाई. समदं कारंज्याला जातंय. ल्हिवा."

"आन् माजं कार्यालयाच्या टाकीला," गोजराबाई म्हणाल्या. "माजं बी ल्हिवा."

जान्हवीचं पेन थांबलं. "मावशी, हे लिहिलं की दोन्ही नळ धंद्याचे ठरतील. मागच्या पाण्याची वसुली लागेल, उन्हाळ्याची कपात होईल. ते तुम्हाला घरातून काढतील. तुम्ही राहाल कुठं?"

"मी तितं ऱ्हात हुते आसं तुमाला कुनी सांगितलं?" चिमाबाई म्हणाली. "कोंडून घालत्यात त्येला ऱ्हानं म्हनत न्हाईत. तुमी ल्हिवा."

जान्हवीनं लिहिलं.

पुढचं सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. नळ धंद्याच्या दरात गेले, कपात लागली, कारंजं कोरडं पडलं. दोघींची बोचकी त्याच संध्याकाळी रस्त्यावर आली. "खाल्ल्या ताटात घान केली," असं विठ्ठलराव चावडीवर सांगत हिंडले, आणि ऐकणाऱ्यांतल्या एकानंही विचारलं नाही की ताट नेमकं कुणाचं होतं. वरच्या आळीत एक खोली भाड्यानं मिळाली. दोघी जवळच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या करू लागल्या. सोनिया नवऱ्याला घेऊन त्या खोलीवरच आली आणि आईच्या गळ्यात पडून रडली. तिच्या संसाराला काहीही लागलं नाही.

वरच्या आळीचे नळ वाहू लागले. बायका येता-जाता म्हणायच्या, "चिमाबाय, तुज्यामुळं पानी आलं गं." मग संक्रांत आली. आळीतल्या घराघरांतून हळदीकुंकवाची बोलावणी फिरली. चिमाबाईच्या दारावरून ती पुढे गेली. शेजारणीनं तर जाता जाता नजर चुकवली. त्याच शेजारणीनं सकाळी चिमाबाईमुळं आलेल्या पाण्यानं हंडा भरला होता.

चिमाबाई दारात उभी राहून बघत राहिली. मग आत जाऊन तिनं ते आबोली लुगडं नेसलं.

"कुटं निगालीस?" गोजराबाईंनी विचारलं.

"हळदीकुंकवाला. तुमी बी चला."

"बोलावनं कुटंय?"

"वाट बघत बसलो तर मरूस्तवर येनार न्हाई, आत्या. चला."

दोघी शेजारच्या उंबऱ्याशी जाऊन उभ्या राहिल्या. आतल्या बायकांचं हसणं बंद झालं. करंडा हातात घेतलेली घरची सून जागच्या जागी थबकली आणि सासूच्या तोंडाकडे पाहू लागली.

वाचकहो, तुमच्याही घरी या महिन्यात हळदीकुंकू असेल. दारात कोण उभं आहे ते बघा, आणि करंडा हातात असलेल्या तुमच्या घरच्या बाईनं काय करायचं ते आजच ठरवा.