शेवटी निम्मे करायचे

“गणित हा जगातला शेवटचा प्रामाणिक माणूस आहे,” मारोती सरांनी जाहीर केले आणि खुर्चीखाली गेलेली चप्पल पायाने चाचपडू लागले.

तात्यापारा मोहल्ल्यातल्या त्यांच्या बैठकीत येणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य ऐकावे लागे. हिंदी शाळांतल्या सहावी ते आठवीच्या सरावासाठी सरांनी काढलेल्या प्रश्नसंग्रहात ते पहिल्याच पानावर हिंदीत छापले होते. त्याखाली सरांची सही आणि सहीखाली ‘सभी उत्तर जाँचे हुए’.

समोर बसलेल्या शेवंताला प्रामाणिक माणसाचे काही पडले नव्हते. ती शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीतून, उरल्याहून, दोन ऑटो बदलून आली होती. नवरा रोलिंग मिलमध्ये पाळीवर होता, आणि शेजारी आठवीतली चेतना वही छातीशी धरून बसली होती.

“सर, एकदा तुमच्या तोंडानं सांगून टाका, या पोट्टीच्या डोक्यात गणित नाही म्हणून. म्हणजे मी बी शांत होतो. उद्या शाळेतून शिष्यवृत्तीच्या परीक्षेले नावं जाऊन राहिले. मॅडमनं हिचं काटलं. वीसपैकी शून्य!”

“अभ्यास करत नसेल.”

“तुमचंच पुस्तक करते ना! अख्खं केलं. दोनदा.”

हे ऐकून सर सुखावले. माणसाने सुखावू नये अशा ज्या काही वेळा असतात, त्यांतली ही एक होती.

त्यांनी वही घेतली. एक नळ टाकी बारा तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. दोन्ही मिळून किती वेळात? चेतनाने सुबक मांडले होते. उत्तर आले होते चार तास. त्यापुढे तिने चाराला दोनने भागले होते आणि ‘दोन तास’ लिहून खाली रेघ मारली होती.

“चार बरोबर होतं की, बेटा. मग दोननं काहून भागलं?”

“आखिर में आधा करना पड़ता है ना, सर.”

“कोणी सांगितलं?”

“आपकी किताब ने.”

तिने वहीचे शेवटचे पान उघडून दाखवले. तिथे नियम लिहिले होते. उम्र, समय, घेरा: आधा. क्षेत्रफल: चौथाई. घनफल: आठवाँ हिस्सा. प्रतिशत: कुछ नहीं करना.

सरांची चप्पल सापडली होती, पण तिच्यात पाय घालायचे त्यांना सुचेना.

चार वर्षांपूर्वी गोल बाजारातला छापखानेवाला म्हणाला होता, नवी आवृत्ती काढायची तर आकडे तरी बदला, नाहीतर पोरे थोरल्या भावंडांचेच पुस्तक वापरतात. सरांनी एका दुपारी टीव्हीवर क्रिकेट बघत सगळे आकडे दुप्पट केले. सहाचे बारा, तिनाचे सहा. छापखान्यातून फोन आला, “सर, उत्तर वही रहेंगे?” तेव्हा शेवटचे षटक चालू होते. सर म्हणाले होते, “हव, हव, वही.”

चार वर्षांत एकाही पोराची तक्रार आली नाही. सरांना वाटायचे, हीच पुस्तकाची पावती. आता कळले की उत्तर जुळले नाही तर पोर पुस्तकावर शंका घेत नाही, स्वतःवर घेते. या एका पोरीने मात्र शंका घ्यायच्या ऐवजी नियम शोधून काढला होता. लांबी दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होते आणि घनफळ आठपट, हे तिने कोणी न शिकवता सरांच्या आळसातून उलटे वाचून काढले होते. मग शाळेच्या चाचणीत, जिथे प्रश्न मॅडमचे स्वतःचे होते आणि उत्तरे बरोबर होती, तिथेही तिने मन लावून सगळे निम्मे केले होते.

“छपाईची चूक आहे,” सर म्हणाले.

“अव्वा! मग त्यात तुमची काय चूक, सर?” शेवंताने हात जोडले. “उगाच तुमाले तरास दिला.”

सरांच्या पत्नी शारदाबाई चहा घेऊन आल्या आणि त्यांनी कप ठेवले. त्या दिवशी छापखान्याचा फोन त्यांनीच उचलून सरांच्या हातात दिला होता. “काय हो,” त्यांनी साखर ढवळत सहज विचारले, “त्या दिवशीची मॅच कोण जिंकलं होतं?”

सरांनी चहा तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत सर शिरताच मुख्याध्यापिका नीलिमाताई उठून उभ्या राहिल्या. कधीकाळी त्या सरांच्याच वर्गात होत्या.

“सर, तुम्ही काहून आले? फोन केला असता तर मीच आली असती. आमची अख्खी शाळा तुमच्याच पुस्तकावर चालते.”

“तेच सांगायला आलो,” सर म्हणाले. घरून पाठ करून आणलेले भाषण त्यांना आठवेना. “उत्तरं खोटी आहेत. प्रेसची चूक नाही. माझी आहे. मी तपासलंच नव्हतं.”

कोपऱ्यात कोणीतरी डबा बंद केला. गणिताच्या राधिका मॅडम लाल झाल्या. “जीरो तो मैंने दिया, सर. मैंने भी बस आखिरी उत्तर देखा, ऊपर की स्टेप देखी ही नहीं.”

“देखने लायक वही चीज़ थी,” सर म्हणाले आणि त्यांनी सोबत आणलेल्या चेतनाच्या वहीचे शेवटचे पान सगळ्यांसमोर धरले. सगळ्यांचे वाचून होईपर्यंत सर जमिनीकडे बघत उभे होते. बसा म्हटले तरी बसले नाहीत.

नावांची यादी टेबलावर होती. मॅडमनी चेतनाला बोलावले, कोरा कागद आणि पेन्सिल दिली. “एक नल दस घंटे, दूसरा पंद्रह. दोनों मिलकर?”

चेतना लिहू लागली. दाराशी शेवंता पदर तोंडाला लावून उभी होती. कागदावर सहा तास आले. राधिका मॅडमनी यादी पुढे ओढून पेन उघडले. तेवढ्यात चेतनाचा हात सवयीने पुढे सरकला, सहाखाली दोन लिहून त्याने तीन काढले, आणि मग थांबला.

तिने त्या तिनाकडे पाहिले, मग खोलीतल्या सगळ्यांकडे, आणि शेवटी सरांकडे.

“सर, रबर है क्या? मेरा आपकी किताब में ही घिस गया.”